'स्किन कलर' म्हणजे कुणाची स्किन?

नाशिकमध्ये शिवणकाम-हस्तकलेच्या सामानाच्या दुकानात जाऊन फेल्टचं कापड मागा. 'स्किन कलर' म्हटलं की फिकट गुलाबीसर कापड समोर येतं. तुमच्या-माझ्या हाताच्या रंगाचं हवं असेल तर 'चॉकलेटी' म्हणावं लागतं. म्हणजे एक रंग माणसाचा आणि दुसरा खाऊचा!

द्वारका भागातल्या आमच्या विहारात सुट्टीत मुलींसाठी बाहुल्यांचा वर्ग घेतला, तेव्हा हा प्रश्न टेबलावर आला. फेल्ट विणलेलं नसतं, तंतू दाबून केलेलं असतं. त्यामुळे कापल्यावर धागे सुटत नाहीत. सारखे दोन तुकडे कापायचे, कडेने काजटाका घालायचा, आत कापूस भरायचा. लहान हातांना जमणारं काम. बाहुली टीव्हीवरच्या आवडत्या पात्राची करायची, एवढंच ठरलं होतं. डोरेमॉन झाला, चुटकी झाली. 18 मे 2019 ला, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी, स्टार प्रवाहवर सुरू झालेली 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर - महामानवाची गौरवगाथा' ही मालिका आपल्या घरांमध्ये पाहिली गेली आहे. म्हणून छोटा भिवा आणि रमाईही झाली.

रमाईच्या चेहऱ्यासाठी नऊ वर्षांच्या एका मुलीने फिकट कापड उचललं. का, विचारलं तर म्हणाली, "ताई, रमाई चांगली होती ना!"

हे उत्तर त्या मुलीचं नाही, तिला दिलेलं आहे. 2008 पासून पोगोवर लागणाऱ्या 'छोटा भीम'मध्ये दादागिरी करणाऱ्या मुलाचं नावच कालिया. 'रंग माझा वेगळा' ही मालिका सावळ्या मुलीच्या दुःखावर चालली, पण ती सावळी दिसावी म्हणून अभिनेत्रीला मेकअप करावा लागला. सावळ्या मुलीची गोष्ट चालते, मग सावळी मुलगी का चालत नाही?

1940 च्या दशकात अमेरिकेत केनेथ आणि मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने 253 कृष्णवर्णीय मुलांसमोर गोऱ्या आणि तपकिरी बाहुल्या ठेवल्या. रंग सोडला तर बाहुल्या सारख्याच. निम्म्याहून जास्त मुलांनी गोरी बाहुली 'चांगली' ठरवली. 1954 मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, तेव्हा त्या निकालात क्लार्क यांच्या कामाचा आधार होता. बाहुली हा पुरावा होऊ शकतो, तो असा.

पण तिथला निष्कर्ष इथे जसाच्या तसा चिकटवू नका. जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनी 1936 च्या 'जातिनिर्मूलना'त स्पष्ट मांडलं आहे. पुरावा तर आपल्या नाशिकमध्येच आहे. काळाराम मंदिरातली मूर्ती काळ्या पाषाणाची. काळा दगड पूज्य होता, पण माणसांना दार बंद होतं, म्हणून 2 मार्च 1930 ला सत्याग्रह सुरू करावा लागला. जात रंगावरून ठरत नाही. तरीही 'तू त्यांच्यातली वाटत नाहीस' हे वाक्य उजळ रंगाच्या आपल्या मुलींना कौतुक म्हणून ऐकवलं जातं. जात अपमान करताना रंग उसना घेते. आणि रंगाचा हा न्यूनगंड आपल्याही घरात आहे. लग्नाच्या बायोडेटात 'गोरी' हा शब्द आपणही लिहितो.

वर्गात एका ज्येष्ठ काकांनी वेगळा आक्षेप घेतला. "महापुरुषांची खेळणी करता? मान राहील का?" त्यांची भीती खोटी नाही. आपल्या प्रतीकांची विटंबना आपण पाहिली आहे. पण खेळणं म्हणजे विटंबना नव्हे. 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं होतं की राजकारणातली विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते. मूर्तीपुढे मूल हात जोडतं. बाहुलीशी ते बोलतं, भांडतं, तिला शाळेत पाठवतं. शाळेत वेगळं बसवलेला भिवा एखाद्या मुलीच्या खेळात पहिल्या बाकावर बसत असेल, तर त्यात मान कमी होतो की वाढतो? काका पूर्ण पटले असं नाही, पण वर्ग संपेपर्यंत बसून राहिले.

त्या मुलीला आम्ही रंग सांगितला नाही. सगळ्यांना एवढंच म्हटलं, कापडाचे तुकडे घरी न्या आणि आईच्या हातावर ठेवून बघा. दुसऱ्या दिवशी एकीचीही आई 'स्किन कलर'ची निघाली नाही. तिने चॉकलेटी रमाई केली. दुसरीने फिकटच ठेवली, आणि तेही आम्ही होऊ दिलं. सक्तीने रंग बदलता येईल, आवड नाही.

क्रेयोला कंपनीने 1962 मध्ये आपल्या खडूचं 'फ्लेश' म्हणजे 'मांस-त्वचा' हे नाव बदलून 'पीच' केलं. आपल्याला कंपनीची वाट पाहायची गरज नाही. दुकानात चॉकलेटी कापडाकडे बोट दाखवून म्हणा, "तो स्किन कलर द्या." विहारातल्या, अभ्यासिकेतल्या ताई-दादांनो, मुलांच्या हातात कात्री देताना त्यांच्यासमोर सगळे रंग ठेवा. देव्हारा नाकारला, तसा हा शब्दही नाकारू या.

जय भीम!