एडमंटन : कागदांच्या वाटेने गाठलेले शहर

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांताची राजधानी एडमंटन. नॉर्थ सस्कॅचेवान नदी शहराच्या मधोमध खोल दरीतून वाहते आणि दोन्ही काठांना मैलोन्‌मैल झाडी आहे. याच दरीत फोर्ट एडमंटन पार्क नावाचे जुन्या इमारतींचे संग्रहालय आहे. तेथे विटांची एक छोटीशी मशीद उभी आहे. ही अल-रशीद मशीद, कॅनडात मशीद म्हणूनच बांधलेली पहिली इमारत. १९३८ साली ती खुली झाली. कुरआनचे इंग्रजी भाषांतर करणारे आणि आपल्या मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकलेले अब्दुल्लाह यूसुफ अली त्या समारंभाला हजर होते.

मशीद पाहिली की प्रथम चर्चच वाटते. बांधणारा कंत्राटदार युक्रेनी वंशाचा होता, त्याने आपल्याला ठाऊक असलेल्या पद्धतीचे घुमट बसवले. तिच्यासाठी पैसा उभा करण्यात बायका पुढे होत्या. हिल्वी हमदोन या लेबनॉनहून आलेल्या बाई आपल्या मैत्रिणींसह महापौरांकडे जागा मागायला गेल्या आणि मग शहरातल्या जॅस्पर अॅव्हेन्यूवर दुकानोदुकानी फिरून त्यांनी वर्गणी जमवली. मुसलमानांनी दिली, ख्रिस्ती आणि यहुदी दुकानदारांनीही दिली. पुढे १९८०च्या दशकात ही इमारत पाडली जाण्याची वेळ आली, तेव्हाही मुस्लिम महिलांच्या संघटनेनेच ती वाचवली. आज नमाजसाठी शहरात मोठी अल-रशीद मशीद आहे, पण नवा माणूस आला की आम्ही त्याला आधी ही जुनी दाखवतो.

आम्हा कोकणातल्या मुसलमानांना परदेश नवा नाही. आजोबांची पिढी बोटीवर खलाशी म्हणून गेली, वडिलांची पिढी आखातात. पण आखातात पंचवीस वर्षे काढली तरी, मोजके अपवाद सोडले, तर राहण्याचा परवाना नोकरीलाच बांधलेला. नोकरी संपली की सामान बांधायचे. आम्हीही तेथे नऊ वर्षे होतो. मुले शाळेत जाऊ लागली आणि प्रश्न पडला, यांनी आपले घर कोणते म्हणायचे? त्यातून कॅनडाच्या कायम निवासाचा, म्हणजे पीआरचा, विचार सुरू झाला. पीआर मिळालेल्या माणसाला मतदान आणि तिथला पासपोर्ट सोडला, तर बहुतेक हक्क नागरिकासारखेच असतात. तो एका मालकाला बांधलेला नसतो.

कॅनडाने १९६७ साली गुणांवर माणसे निवडायला सुरुवात केली. २०१५ पासून 'एक्स्प्रेस एंट्री' नावाची व्यवस्था आहे. कुशल कामगार म्हणून अर्ज करणाऱ्याला आधी १०० पैकी ६७ गुण लागतात. भाषेला जास्तीत जास्त २८, शिक्षणाला २५, अनुभवाला १५, वयाला १२, आधीच मिळालेल्या नोकरीला १० आणि तेथे रुळण्याच्या शक्यतेला १०. ही पहिली चाळण. त्यानंतर १२०० गुणांची दुसरी क्रमवारी लागते आणि वरच्या लोकांनाच अर्जाचे आमंत्रण येते. एखाद्या प्रांताने शिफारस केली तर एकदम ६०० गुण वाढतात.

नवरा-बायकोपैकी ज्याचे गुण जास्त, त्याने मुख्य अर्जदार व्हावे. आमच्या घरात एक नर्स, दुसरा मेकॅनिकलचा डिप्लोमावाला. हिशेब मांडला तेव्हा बी.एस्सी. नर्सिंगची पदवी भारी ठरली. ज्या मुलीला रत्नागिरीहून नर्सिंगला पाठवताना नातेवाइकांनी नाके मुरडली होती, तिच्याच नावावर चौघांचा अर्ज गेला. नाइट ड्यूटी करून आल्यावर आयईएलटीएसचा अभ्यास व्हायचा. या परीक्षेत ऐकण्यात ८ आणि वाचन, लेखन, बोलणे यांत प्रत्येकी ७ आले की गुणांत मोठी उडी पडते. वयाचा हिशेब मात्र कठोर. विवाहित मुख्य अर्जदाराला दुसऱ्या क्रमवारीत २९ वर्षांपर्यंत १०० गुण, चाळिसाव्या वर्षी ४५ आणि पंचेचाळिशीला शून्य. म्हणून ज्यांना जायचे आहे त्यांनी 'बघू पुढे' म्हणत बसू नये.

खरी दमछाक कागदांची. आपल्याकडे एकाच माणसाचे नाव शाळेच्या दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरे आणि निकाहनाम्यावर तिसरे. मोहम्मदचेच स्पेलिंग तीन तऱ्हेचे. निकाहनाम्याचे प्रमाणित भाषांतर लागते, नावांच्या फरकासाठी अॅफिडेव्हिट लागते. गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या देशात सलग सहा महिने किंवा जास्त राहिलो, तेथल्या पोलिसांचा दाखला लागतो. अनुभवाच्या पत्रात कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास, पगार सगळे लिहिलेले हवे. आखातातल्या एका खासगी दवाखान्याने आम्हाला दोन ओळींचे पत्र देऊन वाटेला लावले, पूर्ण पत्र मिळायला पाच फेऱ्या झाल्या. आखात सोडण्याआधीच हे कागद हातात घ्यावेत.

पैसेही दाखवावे लागतात. चौघांच्या कुटुंबाला साधारण २८ हजार कॅनेडियन डॉलर. आकडा दरवर्षी बदलतो आणि हा पैसा उसना चालत नाही. अब्बा म्हणाले, कलमांची बाग विकतो. आम्ही ते ऐकले नाही, निघणे दीड वर्ष लांबले, पण बाग राहिली. एक इशारा द्यावासा वाटतो. 'अनुभवाचे पत्र आम्ही बनवून देतो' असे सांगणारे एजंट गावोगावी भेटतात. खोटे कागद सापडले तर पाच वर्षे कॅनडाचे दार बंद होते. झूठ बोलून मिळवलेल्या रोटीत बरकत कोठून येणार?

आम्ही उतरलो जानेवारीत. उणे अठ्ठावीस. येथे रात्री मोटारीच्या इंजिनाला विजेची वायर जोडून ठेवतात, नाहीतर सकाळी गाडी सुरू होत नाही. डिसेंबरात दिवस साडेसात तासांचा, म्हणजे जोहर, असर आणि मगरिब तिन्ही एकाच शिफ्टमध्ये येतात. जूनमध्ये सूर्य रात्री दहाला मावळतो आणि इशाला मध्यरात्र होते. मिल वूड्स भागात देशी दुकाने आहेत, तेथे फ्रीझरमधली सुरमई आणि तांदळाचे पीठ मिळते. भाकऱ्या थापल्या की घर घरासारखे वाटते.

पीआर मिळाले म्हणजे आपला पेशा मिळाला असे नाही, हे फार थोडे जण सांगतात. नर्सला अल्बर्टाच्या नर्सिंग कॉलेजकडे नोंदणी करावी लागते, परीक्षा द्यावी लागते. तोवर आमच्यापैकी एकाने वृद्धाश्रमात मदतनिसाचे काम केले, दुसऱ्याने गोदामात. त्या वृद्धाश्रमात दर रविवारी खिडकीशी बसून मुलांची वाट पाहणारी माणसे असत. त्यांना भरवताना गावच्या माणसांचा चेहरा समोर यायचा.

येथेच सगळ्या हिशेबाची मेख आहे. कॅनडात सख्खा भाऊ किंवा बहीण असेल तर १५ गुण मिळतात, गावी म्हातारे आईवडील आहेत याचा रकाना गुणांच्या तक्त्यात नाही. तो आपणच भरायचा. आईवडिलांसाठी सुपर व्हिसा आहे, त्यावर ते एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहू शकतात, मात्र आरोग्य विमा आपण काढायचा. अम्मी एक उन्हाळा येऊन गेल्या. अजान ऐकू येत नाही म्हणून त्यांचे मन रमले नाही. आम्ही अर्ज भरण्याआधी दोन्हीकडच्या वालिदैनची इजाजत घेतली होती आणि दर दोन वर्षांनी गावी जाण्याचे ठरवले होते. ते आजवर पाळले आहे, त्यासाठी घर घेणे लांबवले. व्याजाचे कर्ज नको म्हणून भाड्यानेच राहतो, ही आमची निवड आहे.

पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस येथे राहावे लागते. त्यामुळे उरलेले दिवस कोणाचे, हे घरातल्या सगळ्यांनी बसून आधीच बोलावे. भाऊ-बहिणींपैकी कोण गावी थांबणार, दवाखान्याचा खर्च कोण उचलणार, रात्री अपरात्री फोन आला तर विमानाचे पैसे बाजूला आहेत का? या प्रश्नांची उत्तरे असतील, तर बिस्मिल्लाह म्हणून जरूर अर्ज करावा. रिज्क देणारा अल्लाह आहे, तो रत्नागिरीतही देतो आणि एडमंटनमध्येही.