फितूर

मराठी माणसाला 'फितूर' या शब्दाइतका तिटकारा दुसऱ्या कुठल्या शब्दाचा क्वचितच असेल. समोरून चालून आलेल्या शत्रूच्या शौर्याला आपण एक वेळ दाद देऊ. पण किल्ल्याचा दरवाजा आतून उघडून देणाऱ्याला आपल्याकडे क्षमा नाही. चौथीच्या वर्गात शिवचरित्र शिकवताना मी हे नेहमी पाहतो. अफझलखानाच्या वधाला मुले टाळ्या पिटतात; फितुराचे नाव निघाले की मात्र त्यांच्या मुठी वळतात. कादंबरीकार म्हणून मला हे सोयीचेच पडते. माझ्या कादंबऱ्यांतला एकही फितूर शेवटच्या प्रकरणापर्यंत जिवंत राहिल्याचे मला आठवत नाही!

गुदस्ता दिवाळीच्या सुट्टीत गल्लीतल्या आठ-दहा पोरांबरोबर घरीच 'नार्निया'चा पहिला चित्रपट पाहिला. सी. एस. लुईस यांच्या 1950 सालच्या पुस्तकावरून अँड्र्यू अ‍ॅडम्सन यांनी तो 2005 साली पडद्यावर आणला. लंडनवर बाँब पडत असताना खेडेगावी पाठवलेली चार भावंडे एका जुन्या कपाटात शिरतात आणि पलीकडे बर्फाने झाकलेल्या रानात निघतात. बदनापूरच्या पोरांना बर्फ ठाऊक तो गोळेवाल्याचा, नाहीतर गारपिटीचा. त्यामुळे सारी मंडळी डोळे विस्फारून बसली होती. त्या देशावर एका गोऱ्या चेटकिणीचे राज्य. तिथे सदा हिवाळा, पण नाताळ कधीच येत नाही. म्हणजे आपल्याकडे थंडी पडावी आणि दिवाळी मात्र येऊ नये, तसे!

चौघांतला एडमंड मिठाईच्या आणि राजेपणाच्या लोभाने आपल्या भावंडांना चेटकिणीच्या हवाली करायला निघतो. चित्रपटाने इथे पुस्तकात नसलेली एक गोष्ट घातली आहे. आरंभीच्या बाँबहल्ल्यात हा मुलगा लढाईवर गेलेल्या वडिलांचा फोटो आणायला जिवावर उदार होऊन घरात परत धावतो. बाप दूर असलेल्या पोराचा हट्टी राग कसा असतो, हे शिक्षकाला सांगावे लागत नाही. तरीही फितुरी ती फितुरीच.

तिथला कायदाही कडक आहे. फितुराचे रक्त चेटकिणीच्या मालकीचे. अस्लान नावाचा सिंह त्या रानाचा खरा राजा. तो हा कायदा मोडत नाही आणि एडमंडलाही सोडत नाही. रात्रीच्या वेळी तो एकटाच दगडी चौथऱ्याकडे जातो. त्याची आयाळ भादरतात, त्याची टवाळी करतात, आणि एडमंडच्या जागी तो मरण पत्करतो. दोन्ही बहिणी आडून हे पाहतात. पहाटे तो चौथरा दुभंगतो आणि सिंह पुन्हा जिवंत उभा राहतो.

"पण गुरुजी, चूक तर एडमंडची होती ना?" माझ्याजवळ बसलेल्या एका पोराने विचारले. साऱ्या चित्रपटाचे मर्म त्या प्रश्नात होते.

ज्याने शुभवर्तमान चाळले आहे, त्याला ही कथा ओळखायला वेळ लागणार नाही. शिष्याची फितुरी, काट्यांचा मुकुट घालून केलेला उपहास, पहाटे कबरीकडे गेलेल्या स्त्रिया, हे सारे तिथे आहे. आमच्या मुलखाला ही कथा परकी नाही. 1843 साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. त्याच्याही कितीतरी आधी, 1616 साली, फादर स्टीफन्स या इंग्रजाने गोव्यात हीच कथा मराठी ओवीत बांधून तिला 'पुराण' म्हटले. एकाने ख्रिस्ताला ओवी दिली, दुसऱ्याने आयाळ दिली; दोघांनाही कथेची ताकद ठाऊक होती.

माझ्या वारकरी मनाला मात्र आधी आठवला तो जीमूतवाहन. श्रीहर्षाच्या 'नागानंद' नाटकात तो शंखचूड नागाऐवजी स्वतः वध्यशिलेवर चढतो आणि गरुडाच्या चोचीपुढे देह ठेवतो. तीच शिला, तेच दुसऱ्यासाठी मरणे, तेच पुन्हा जिवंत होणे! पण थोडा विचार केल्यावर फरक जाणवला. शंखचूड निरपराध होता. निरपराधासाठी प्राण देणारे आपल्या पुराणांत पुष्कळ भेटतात. इथे मात्र जीव दिला जातो तो अपराध्यासाठी. ज्याच्यावर आपल्या मुठी वळतात, त्याच्यासाठी. आणि अपराध खोटा ठरवून नव्हे, तर त्याची पुरती किंमत मोजून. माझ्या मते ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा तो हाच. तो मानण्यासाठी नव्हे, पण समजून घेण्यासाठी बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही.

गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. पुढच्या लढाईत चेटकिणीची कांडी मोडतो तो एडमंडच. राज्याभिषेकाच्या वेळी त्याला बिरुद मिळते तेही 'न्यायी' असे! ज्याने क्षमा चाखली, त्याच्याच हाती न्यायाचा तराजू. त्या पोराला मी एवढेच म्हणालो, "चूक त्याचीच होती, बाळ. म्हणूनच तो पुढे चांगला न्यायाधीश झाला."

मूळ पुस्तकात एक छोटासा प्रसंग आहे. लढाई संपल्यावर दोघी बहिणी हळूच बोलतात: सिंहाने आपल्यासाठी काय केले, हे एडमंडला ठाऊक आहे का? त्याला सांगावे का? लुईस त्याचे उत्तर देत नाहीत. वाचकहो, दिवाळीच्या ताटावर बसलेल्या आपल्या प्रत्येकाचे कुठले ना कुठले ऋण कोणीतरी गुपचूप फेडलेले असते. आपल्याला ते कोणी सांगितलेलेही नसते.