टोपीवरचे चिन्ह



महार रेजिमेंटचे केंद्र आपल्या सागर शहरातच आहे. जवानांच्या टोपीवरचा बिल्ला आम्ही लहानपणापासून पाहत आलो. गेल्या वर्षी सातवीच्या वर्गात सहज बोलून गेलो, "त्यावर दोन तोफा आहेत." मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "सर, तोफा नाहीत. विकर्स मशीनगन आहेत." त्याचे वडील याच रेजिमेंटमध्ये आहेत.

आम्ही वरमलो आणि घरी जाऊन वाचायला बसलो. आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातले. तेथे हा धडा कधी आलाच नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. पहिल्या महायुद्धात पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर मोडून टाकली. बाबासाहेब आंबेडकर स्वतः महूच्या छावणीत जन्मलेले, सुभेदाराचे चिरंजीव. भरतीसाठी त्यांनी सतत आग्रह धरला. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. १९४६ साली ती मशीनगन रेजिमेंट झाली, म्हणून बिल्ल्यावर तिपाईवरच्या दोन मशीनगन आल्या. पुढे रेजिमेंट पायदळात आली, विकर्स गन निवृत्त झाली, चिन्हावर मात्र ती राहिली. खाली ब्रीद आहे, 'यश सिद्धि'.

मधोमध आज कट्यार आहे. पूर्वी तेथे कोरेगावचा स्तंभ होता. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीच्या फौजेतले महार शिपाई पेशव्यांच्या सैन्याशी लढले, त्याची ती खूण. आमचे पूर्वज पेशव्यांच्या सरदारांबरोबर इकडे आले. त्याच १८१८ साली सागरही कंपनीकडे गेले. आमच्या घरी ती हकीकत नेहमी सांगितली जाई. स्तंभाचे नाव मात्र कोणी काढत नसे. आम्हीही पंचवीस वर्षे इतिहास शिकवला आणि ते काढले नाही. ही चूक आमची.

आज या रेजिमेंटमध्ये सर्व जातिधर्मांचे जवान आहेत. परमवीरचक्र विजेते मेजर रामस्वामी परमेश्वरन याच रेजिमेंटचे. ते १९८७ साली श्रीलंकेत धारातीर्थी पडले.

येत्या सत्रात त्या मुलाच्या वडिलांना शाळेत बोलावण्याचा आमचा विचार आहे. फळ्यासमोर ते उभे राहतील. आम्ही मागच्या बाकावर बसू.