रिपोर्टवर नाव कुणाचं?

दिवाळी अंकासाठी जंतूंवर सोपं काहीतरी लिहा, असा संपादकांचा फोन आला त्याच आठवड्यात एकलहऱ्याचे एक काका गेले. तिथल्या थर्मल वीज केंद्रातून निवृत्त झालेले. खुब्याचं हाड मोडलं म्हणून नाशिकच्या एका रुग्णालयात दाखल झाले होते. ऑपरेशनही नीट झालं होतं. पुढे लघवीच्या नळीतून जंतू शिरला, रक्तात पसरला आणि अठराव्या दिवशी सगळं संपलं.

तिथल्या प्रयोगशाळेत त्यांच्या लघवीची प्लेट मीच वाचली. गुलाबी, शेंबडासारख्या चिकट वसाहती, क्लेब्सिएला. दुसऱ्या प्लेटवर औषधांच्या चकत्या ठेवतो. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ दिसतं. इथे एकाही चकतीभोवती ते नव्हतं. मेरोपेनेम या कार्बापेनेम गटातल्या औषधाच्या कडेलाही जंतू टेकले होते. औषध उरलं एकच, कोलिस्टिन. ते चकतीवर तपासता येत नाही, त्याची वेगळी चाचणी लागते आणि मूत्रपिंडाला ते जड जातं.

लोक म्हणतात, पेशंटच्या अंगाला औषधाची सवय झाली. ऐकून मी थकले आहे. सवय अंगाला होत नाही, बदलतो तो जंतू. एनडीएम-१ नावाचं विकर औषधाचा रेणू फोडतं. त्यासाठी त्याला जस्ताचे अणू लागतात. त्याचं जनुक प्लाझ्मिडवर असतं, म्हणजे एक जंतू ते शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. म्हणूनच पुढच्या खाटेची काळजी.

रिपोर्ट कळवला तेव्हा वॉर्डच्या डॉक्टरांचं पहिलं वाक्य होतं, "मॅडम, जरा थांबवता येईल का? नातेवाईक म्हणतील, इथेच लागलं." याच डॉक्टरांनी काकांसाठी तीन रात्री जागून काढल्या होत्या. त्यांना निष्काळजी म्हणायला माझी जीभ धजत नाही. पण रिपोर्ट त्यांना आरोपपत्रासारखा वाटला.

एका निबंधाबद्दल देशालाही एकदा असंच वाटलं होतं. नवी दिल्लीत उपचार घेतलेल्या एका स्वीडिश रुग्णात २००८ साली हे एनडीएम-१ सापडलं आणि विकराच्या नावात 'न्यू डेल्ही' आलं. ऑगस्ट २०१० मध्ये 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात त्यावर निबंध येताच गदारोळ उठला. हा आपल्या वैद्यकीय पर्यटनाविरुद्धचा कट असल्याचे आरोप झाले. शहराचं नाव द्यायला नको होतं, हे मलाही पटतं. 'लॅन्सेट'च्या संपादकांनी २०११ च्या जानेवारीत त्याबद्दल माफीही मागितली. पण त्या निबंधाच्या पाच महिने आधी, मार्च २०१० मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आपल्याच देशातल्या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःची आकडेवारी छापली होती: तीन महिन्यांत कार्बापेनेमला न जुमानणारे २४ जंतू, त्यांतल्या २२ मध्ये एनडीएम-१. आपल्या घरातलं आपणच सांगायला जी हिंमत लागते, ती त्यांनी दाखवली. तिच्याबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही. भांडण नावावरच अडलं.

काका गेल्यावर मी एक सकाळ त्याच रुग्णालयाच्या आयसीयूत उभी राहिले. सिस्टरने एका पेशंटची लघवीची पिशवी रिकामी केली आणि त्याच हातमोज्यांनी शेजारच्याची सलाइन जोडली. मी टोकलं. हातमोजे तुमच्या हाताला जपतात, पुढच्या पेशंटला नाही, असं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, हातमोजे मोजून मिळतात. आणि मोठे सर राउंडला एकाला हात लावून तसेच दुसऱ्याकडे जातात. त्यांना मी सांगू?"

मला उत्तर देता आलं नाही. अशा राउंडमध्ये मागून चालत मीही वर्षानुवर्षं गप्प राहिले आहे. स्पिरिटयुक्त द्रवाने हात चोळायला वीस-तीस सेकंद लागतात. मोठ्या डॉक्टरांना थांबवायला किती वर्षं लागतील, सांगता येत नाही. सिस्टरला, मावशीला 'सर, हात' एवढे दोन शब्द बोलायची मुभा वरून मिळायला हवी. प्रशिक्षणाच्या दहा तक्त्यांपेक्षा मला ती महत्त्वाची वाटते.

काकांची मुलगी रिपोर्टची प्रत न्यायला प्रयोगशाळेत आली होती. रात्री पिशवी तीच रिकामी करायची, सिस्टरने शिकवलं होतं तशी. कागद घडी करून पर्समध्ये ठेवता ठेवता तिने विचारलं, "मॅडम, माझ्या हातून तर नाही ना गेलं?"

मी लगेच 'नाही' म्हणाले. कुणाच्या हातून गेलं हे सांगणारी तपासणी आमच्याकडे नाही.