लसणाला औषध म्हणणं मी सोडलं

खाऱ्या पाण्यातल्या माशांना लसूण चारावा की नाही, यावर माझं मत एकदा नाही, दोनदा फिरलं. आधी मी या प्रकाराला हसायचो. मग त्याचा कट्टर भक्त झालो. आता या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे. केळापूर तालुक्यात, पांढरकवड्याला माझं औषधांचं दुकान. गोळ्यांच्या पाकिटामागचं बारीक अक्षर वाचण्यात हयात चालली आहे, तेव्हा घरच्यांना माझी ही भक्ती फारच गमतीची वाटायची.

आमच्याकडून समुद्र कुठल्याही दिशेने शेकडो किलोमीटर दूर. तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली उभं राहिलं ते मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या काठाला. आम्हाला समुद्र घरात कालवावा लागतो. या भागातल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड, म्हणून आधी आरओ, मग लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मरीन सॉल्ट. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या आसपास गेला की चिलरशिवाय भागत नाही, आणि वीज गेली की जीव टांगणीला. एवढ्या खटाटोपानंतर पावडर ब्लू टँगच्या अंगावर मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके दिसले, तर माणूस सांगाल ते करतो. मला कुणीतरी लसूण सांगितला. चार पाकळ्या ठेचल्या, रस गाळला, त्यात गोठवलेले झिंगे भिजवून चारले. आठवड्याच्या आत ठिपके गायब. तिथून पुढे, कुणी मासा आजारी आहे म्हणालं की माझं उत्तर ठरलेलं असे.

ठिपके पुन्हा आले तेव्हासुद्धा मी लसणाला दोष दिला नाही, मात्रा वाढवली. औषध लागू पडत नाही म्हणून दुप्पट गोळ्या मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मी रोज समजावतो, पण घरच्या टाकीपुढे ते शहाणपण टिकलं नाही.

मत फिरलं ते हे ठिपके आणणाऱ्या परजीवीचं आयुष्य नीट वाचल्यावर. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स त्याचं नाव. गोड्या पाण्यातल्या व्हाइट स्पॉटशी त्याचं साम्य आहे, पण जीव वेगळाच. हा माशाच्या कातडीच्या आणि कल्ल्यांच्या वरच्या थराखाली शिरून तीन ते सात दिवस खातो. पोट भरलं की आपणहून खाली उतरतो आणि वाळूत किंवा दगडावर कवच करून बसतो. त्या एका कवचातून शेकडो पिल्लं निघतात आणि नवा मासा शोधत पोहू लागतात. कवचं सगळी एकदम फुटत नाहीत. काही तीन दिवसांत फुटतात, काही महिन्याने. 72 दिवसांपर्यंतच्या नोंदी आहेत. म्हणजे ठिपके आठवड्यात जाणारच होते. मी त्या आठवड्यात माशाला गुळाचं पाणी पाजलं असतं, तर आज गुळाचा भक्त असतो.

दुसरी गोष्ट औषधवाल्याला आधीच सुचायला हवी होती. औषध रोगापर्यंत पोचावं लागतं. तांबं, म्हणजे कॉपर, तेसुद्धा कातडीखालच्या किंवा कवचातल्या जिवाला काही करू शकत नाही. ते मारतं पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांना, म्हणून त्याचं प्रमाण, लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम, आठवडेच्या आठवडे राखावं लागतं. लसूण तर माशाच्या पोटात, आणि पिल्लं बाहेर पाण्यात.

मग एवढे लोक लसणावर विश्वास का ठेवतात? मला वाटतं, कॉपरच्या धाकाने. कॉपरने प्रवाळ, शंखशिंपले, झिंगे, सगळं मरतं. ते मुख्य टाकीत घालताच येत नाही. मासे जाळीने धरायचे, वेगळ्या टाकीत ठेवायचे, रोज किट काढून मोजायचं, आणि मूळ टाकी अडीच महिने माशांविना ओसाड ठेवायची. लसणाला यातलं काहीच लागत नाही. फक्त खलबत्ता हवा.

तरीही मी लसूण टाकून दिला नाही. ऑस्ट्रेलियात बॅरामुंडीवर, म्हणजे आपल्या कोकणातल्या जिताड्यावर, प्रयोग झाले. ते 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. लसणाचा अर्क मिसळलेलं खाद्य 30 दिवस दिल्यावर कातडीला चिकटणाऱ्या एका चपट्या कृमीची लागण बरीच कमी झाली. दहा दिवस देऊन तसा गुण आला नाही. पण तो परजीवी वेगळा, आणि लसूण दिला होता लागण होण्याआधी. माझ्या टँगच्या बाबतीत यातून काहीच सिद्ध होत नाही. तरी पहिल्यासारखं हसायला मात्र आता जीभ रेटत नाही.

आणि भूक. नवा मासा दिवसेंदिवस खाण्याकडे पाठ फिरवतो, तेव्हा लसणात भिजवलेला तुकडा माझ्याकडचे काही मासे चटकन उचलतात. सगळे नाही. पाकळी ठेचून थोडा वेळ ठेवावी लागते, कारण अख्ख्या पाकळीत अ‍ॅलिसिन नसतंच. ठेचल्यावर त्यातलं एन्झाइम काम करू लागतं तेव्हा ते तयार होतं, आणि मग तो वास. शिजवलेल्या लसणाचा उपयोग नाही. आई चातुर्मासात कांदा-लसणाला शिवत नाही. घरात त्या चार महिन्यांत लसूण आला की तो टाकीसाठीच, हे तिला ठाऊक आहे. ‘काहून रे, मासोळ्यायले फोडणी देतं का आता?’ एवढंच तिचं म्हणणं.

आता कुणी विचारलं तर मी आधी वेगळ्या टाकीचं सांगतो, मग कॉपरचं, मग ते मोजायच्या किटचं. अर्ध्यावरच समोरचा अडवतो: ‘पण तुम्हीच तर लसूण म्हणाला होतात!’ म्हणालो होतो. तो आताही घाल म्हणतो, खाण्यात. पण मूळ टाकी माशांविना ठेवायचे दिवस त्याने एकानेही कमी होत नाहीत, आणि नेमकं तेच कुणाला ऐकायचं नसतं.