खिशातली साखर

आम्ही तिघे सोलापुरातल्या एकाच उर्दू शाळेत शिकवतो. एकाकडे गणित, दुसऱ्याकडे इतिहास, तिसऱ्याकडे मराठी. रविवारी सायकली काढून शहराबाहेर पडायचे, हा आमचा तीन वर्षांचा शिरस्ता.

गेल्या हिवाळ्यात नळदुर्गला जायचे ठरले. हैदराबाद रस्त्याने जाऊन-येऊन सुमारे 100 किलोमीटर. किल्ल्यातला आदिलशाही पाणीमहाल पुन्हा पाहायचा होता. फजरनंतर लगेच निघालो. बोरामणीपर्यंत गप्पा रंगल्या. पुढे गणितवाले सर गप्प झाले, मग चिडू लागले. चहाला थांबू म्हटले, तर खेकसले, "तुमको पिकनिक करनी है तो घर कू जाओ!"

आठवड्यापूर्वी परीक्षेच्या ड्युटीवरून थोडे वाजले होते. तोच राग धरून बसलेत, असे वाटले. आम्ही दोघे मुद्दाम वेग वाढवून पुढे गेलो.

बऱ्याच वेळाने मागे पाहिले, तर सर दिसेनात. परत फिरलो. ते रस्त्याकडेला एका धाब्यापुढे सायकल धरून उभे होते. एवढ्या थंडीत शर्ट घामाने भिजलेला, हात थरथरत होते. काय झाले विचारले, तर उत्तर भलतेच. धाबेवाल्याने विचारले, "सरांना शुगर आहे का?" आम्ही छातीठोकपणे 'नाही' म्हणालो. त्याने आमचे ऐकले नाही, हे बरे झाले. "माझ्या आईला असंच होतं," म्हणत त्याने अर्ध्या ग्लास पाण्यात चार चमचे साखर ढवळून त्यांना घोट घोट पाजली. पंधरा-वीस मिनिटांत सरांचा चेहरा ओळखीचा झाला.

मग त्यांनी पिशवीतून इन्सुलिनचे पेन काढून दाखवले. अकरा वर्षे ते सुई घेत होते आणि स्टाफरूममध्ये कुणाला पत्ता नव्हता. "छोटी की शादी होने तक छुपाना था. लोगां बोलते, घराने में बीमारी है." त्या पहाटे त्यांनी नेहमीइतकेच इन्सुलिन मांडीत घेतले होते आणि आम्ही खालून घंटी वाजवत होतो म्हणून अर्धीच भाकरी खाल्ली होती.

त्या आठवड्यात आम्ही तिघेही डॉक्टरांपुढे बसलो. पायडल मारताना स्नायू रक्तातली साखर भराभर ओढतात. त्यात मांडीतले इन्सुलिन लवकर रक्तात उतरते. म्हणून लांबच्या दिवशी सुई पोटावर घ्यायची आणि डोस किती कमी करायचा हे डॉक्टरांनाच विचारायचे. निघण्यापूर्वी बोटाचे रक्त तपासायचे. साखर 90 च्या खाली असेल तर आधी खायचे. वाटेत तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके पोटात गेली पाहिजेत. एका मध्यम केळ्यात ती साधारण 25 ग्रॅम असतात. साखर 70 च्या खाली गेली तर थांबायचे, 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घ्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचे. अशा वेळी चॉकलेट कामाचे नाही, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, थेट दवाखाना गाठायचा. धोका घरी आल्यावरही संपत नाही. रात्री झोपेतही साखर उतरू शकते.

आणि विनाकारण चिडणे, हेही एक लक्षण आहे. हे ऐकताना आम्हा दोघांच्या माना खाली गेल्या.

आता दर अर्ध्या तासाला तिघेही थांबतो, तिघेही खातो. सरांना मागावे लागू नये, म्हणून साखरेची पुडी तिघांच्याही खिशात असते. गेल्या महिन्यात नळदुर्ग झाले. पाणीमहालाच्या पायऱ्यांवर सरांनी बोट टोचून आकडा मोठ्याने वाचला: 128. वर्गात बरोबर उत्तर आल्यावर म्हणतात तसे स्वतःलाच म्हणाले, "शाबास!"

बहिणीचे लग्न अजून ठरायचे आहे. तरी पालकसभेत सर उभे राहिले आणि आपल्या सुईविषयी बोलले. सभा संपल्यावर सातवीतल्या एका मुलाची अम्मी दाराशी घुटमळत होती. बाकीचे गेल्यावर हळूच म्हणाली, "सर, मेरा बच्चा भी सुई लेता. स्कूल में बोली नहीं थी मैं."

दुसऱ्या दिवशी त्याच्या वर्गाच्या कपाटात आम्ही साखरेची बरणी ठेवली.