गोळी एकच, अंगं वेगळी

केमो झाली, रेडिएशन झालं, डोक्यावर केस परतले आणि आमच्या नात्यात सगळ्यांना एकच घाई सुटली, माझ्या अंगावर मांस चढवायची. जाऊबाई जुन्नरहून डिंकाचे लाडू घेऊन आल्या. चाकणला कंपनीत माझ्या शेजारी पार्ट तपासणाऱ्या मुली आपल्या डब्यातली पुरणपोळी तुपासकट मला वाढायच्या. "आता कसं अंग धरलंय काकूंनी!" हे ऐकून माझी आई सुखावायची. कॅन्सर म्हणजे खंगणं, हेच आम्ही पाहत आलो. म्हणून गाल भरले की आजार गेला. त्या मायेचं मोल मला आहे.

पण माझी स्तनातली गाठ हार्मोनवर वाढणारी होती आणि पाळी केव्हाच गेलेली. पिंपरीच्या ओपीडीत डॉक्टर मॅडमनी केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावलं. पाळी गेल्यावर अंडाशयं थांबतात, पण इस्ट्रोजेन पुरतं थांबत नाही. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी पुरुषी संप्रेरकं सोडत राहतात आणि अरोमाटेझ नावाचं विकर त्यांचं इस्ट्रोजेन करतं. हे काम चालतं मुख्यतः चरबीत. चरबी जास्त, तर कारखाना मोठा. रोजची लेट्रोझोलची गोळी त्या विकरालाच अडवते.

माझा जन्म मोजमापात गेला, त्यामुळे एक गोष्ट मला खटकली. केमोच्या वेळी उंची-वजन घेऊन डोस ठरायचा. ही गोळी मात्र सगळ्यांना अडीच मिलिग्रॅम, किडकिडीत बाईलाही आणि मलाही. मी विचारलं, "मॅडम, मग मला दोन लागतील ना?"

"नाही काकू. एका गोळीनंही ते विकर जवळजवळ पूर्ण बंद पडतं. दोन घेऊन जास्त फायदा होतो, असं कुठे दिसलेलं नाही. मनानं वाढवायची नाही आणि बंद तर मुळीच करायची नाही."

उत्तर पटलं, पण "जवळजवळ" हा शब्द डोक्यातून जाईना. मुलीला इंग्रजी लेख वाचून सांगायला लावले. लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं, की या गोळ्या चालू असतानाही जाड बायकांच्या रक्तात इस्ट्रोजेन थोडं जास्त उरतं. लेट्रोझोलनं ते त्याच प्रकारच्या अ‍ॅनास्ट्रोझोलपेक्षा अधिक खाली जातं. त्याआधी २०१० मध्ये अटॅक या मोठ्या चाचणीची आकडेवारी आली होती. बीएमआय ३५ च्या वर असलेल्यांत आजार उलटण्याचं प्रमाण २३ च्या खालच्यांपेक्षा जास्त होतं, आणि टॅमॉक्सिफेन या जुन्या गोळीच्या तुलनेत अ‍ॅनास्ट्रोझोलचा जादा फायदा जाड बायकांत कमी दिसला. बिग १-९८ या दुसऱ्या चाचणीत मात्र लेट्रोझोल सगळ्याच वजनांत टॅमॉक्सिफेनपेक्षा सरस ठरलं. म्हणजे जाड बाईला गोळी लागू पडत नाही, असं कुणीही म्हणू नये. मी ते वाक्य बसमध्ये एकीच्या तोंडून ऐकलंय आणि तिथल्या तिथे तिला थांबवलंय.

तरी कारखाना लहान करायचा, तर वजन उतरवायला हवं. ते बोलायला सोपं. निगडीहून तळवड्यामार्गे चाकण, त्या ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास बसून. मग टेबलाशी बसून काम. कामाच्या पाळ्या बदलल्या की जेवणाच्या वेळाही बदलतात. शिवाय या गोळीनं सांधे धरतात. सकाळी बोटं मिटत नाहीत, जिना उतरताना गुडघे रडवतात. कितीतरी जणी इथेच गोळी सोडतात. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या अभ्यासात अशाच सांधेदुखीच्या बायकांना वर्षभर चालणं आणि वजनं उचलण्याचा व्यायाम दिला, तर त्यांच्या वेदना स्पष्ट कमी झाल्या. हे कळल्यावर मी दुर्गा टेकडीवर जाऊ लागले. पहिला चढ नकोसा होतो, मग अंग मोकळं होतं. लाडवांचं मी जाऊबाईंना सरळ सांगितलं, चित्रासकट. त्या रागावल्या नाहीत. पुढच्या खेपेला हुलग्याचं पीठ आणि मेथीच्या जुड्या घेऊन आल्या.

माझं मागणं डॉक्टरांकडे आहे. गोळी लिहून देतानाच वजनाचंही बोला. ओरडू नका, लाज वाटेल असं बोलू नका. चरबीत काय चालतं ते दाखवा. हाडं ठिसूळ करणारी गोळी आहे, म्हणून डेक्सा स्कॅन सांगता, कॅल्शियम लिहिता. त्याच कागदावर दोन ओळी वजनाच्याही लिहा. आमच्या लाइनवर आणखी एकीची गोळी याच महिन्यात सुरू झालीय. तिचा डबाही आता घरोघरच्या तुपानं भरू लागलाय, म्हणून मधल्या सुट्टीत मी तिला तेच चित्र काढून दाखवते आहे.